नाव टाका

हट्ट्याच्या माणसाला हट्टी म्हटलं तर तो रागावत नाही. गावाचं नावच तसं, त्याला कोण काय करणार, असं म्हणून उलट चहा सांगतो. पण खुद्द हट्ट्यानं एकमतानं ज्याला हट्टी ठरवलं, तो माणूस एकदा तरी बघावा. परभणी-वसमत रस्त्यावर एसटीतून उतरा आणि बटनमामाचं दुकान विचारा. खरं नाव मात्र विचारू नका. ते सांगायला गावाला डोकं खाजवावं लागतं. ज्यानं सात वर्षं दुसऱ्यांच्या नावांचा ध्यास घेतला, त्याचंच नाव गाव विसरलं.

दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व ऑनलाइन फॉर्म' असं आहे आणि खाली बारक्या अक्षरांत 'व्हिडिओ गेम तयार करून मिळतील'. आजवर गेम मागायला कुणी आलेलं नाही, आणि आलं असतं तरी मिळाला नसता. मामाचा एकच गेम सात वर्षांपासून चालू आहे. म्हणजे तयार करणं चालू आहे. गेमचं नाव 'शंकरपट'. पडद्यावर बैलजोडी पळणार, खेळणाऱ्यानं कासरा सांभाळायचा, धुरळा उडणार, गर्दी ओरडणार. हे सगळं मामा हातवारे करून सांगतो. प्रत्यक्षात आतापर्यंत झालाय तो फक्त पहिला पडदा. त्यावर दोन शब्द आहेत: 'नाव टाका'. खाली अक्षरांची पाटी. मामा त्या पाटीपाशी अडकला तो अडकलाच. बैल गोठ्यातच आहेत.

दुकानात गेल्यावर आधी त्याचा खरा, लाकडी टेबलावरचा कीबोर्ड बघावा. आमच्याकडं फाल्गुनात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि वसमतच्या मोंढ्यावर जाते. त्या दिवसांत गावातल्या माणसांचे हात पिवळे असतात, मामाचेही. सकाळी त्याचं स्वतःचं वावर असतं. त्या बोटांनी तो फॉर्म भरतो. त्यामुळं कीबोर्डवरची कुठली बटनं जास्त चालतात ते रंगावरून कळतं. मामा इन्स्क्रिप्टवाला आहे. ही १९८६ साली सरकारनं ठरवलेली मांडणी: स्वर नि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यात काना जिथं बसतो ते बटन पिवळं, 'र' पिवळा, पण सगळ्यात पिवळंधमक बटन हलंताचं.

"बघा सर," मामा म्हणतो, "पाय मोडल्याबिगर मराठी माणूस पुढंच जाईना."

या अडकण्याचं मूळ लहानपणात आहे. नव्वदच्या दशकात मामाच्या चुलत्यानं नांदेडहून टीव्ही गेम आणला. खोक्यावर '९९९९ गेम' असं छापलेलं, आत सगळे मिळून सात, बाकीचे तेच गेम रंग बदलून. कॅसेट चालली नाही की उपसायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. गावातली पोरं बंदूकवाला गेम खेळायची, कारण तो काही विचारत नसे. सुरू झाला की गोळ्या. पण एका कॅसेटमध्ये तलवारवाला पोरगा होता, आणि तो आधी नाव विचारायचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा. मामा तेव्हा चौथीत. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून. बाकीची पोरं 'सोड रे' म्हणून दुसरी कॅसेट लावायची. मामा सोडेना. त्यानं तेच बटन आठदा दाबलं आणि पहिलंच अक्षर आठ वेळा उमटवून पुढं गेला. राजकन्येपासून राक्षसापर्यंत सगळ्यांनी त्याला 'एएएएएएएए' म्हणून हाक मारली.

"तवाच ठरीवलं," मामा सांगतो, "ज्याला महं नाव लिव्हता येत न्हाई, त्याच्यासाठी म्या राक्षस मारणार न्हाई."

आता हा विषय निघाला की मामाला इतिहासाचा झटका येतो. समोर पीकविम्याचा फॉर्म उघडा, शेतकरी अंगठा पुढं करून बसलेला, आणि मामा मला सांगत असतो की १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये पहिल्या नंबराच्या माणसालाही तीनच अक्षरं मिळायची. जगात पहिले आलात, लिहा तीन अक्षरं. १९८७ च्या 'फायनल फँटसी'त चार. आणि त्याच वर्षीच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या दुसऱ्या भागात खेळ जिथं सोडला तिथून पुन्हा सुरू करायचा तर जपानी पोरांना ५२ अक्षरांपर्यंतचा मंत्र वहीत उतरवून घ्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी तो एकेक अक्षर शोधत पडद्यावर भरावा लागे. एक अक्षर चुकलं की गेलं राज्य.

"आपल्या फॉर्मसारखंच," शेतकरी मध्येच म्हणतो. त्याचा अंगठा अजून हवेतच असतो.

मामाचा सगळ्यात लाडका मुद्दा मात्र वेगळा आहे. जपानी गेममधली अक्षरांची पाटी ज्या क्रमानं लागते तो क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडं गेला असं जाणकार मानतात. "म्हंजे वर्णमाला आपली, गेम त्यांचा, आन् आपण लिव्हायचं इंग्रजीत!" असं म्हणून मामा टेबलावर हात आपटतो आणि फॉर्म चुकून सबमिट होतो.

नावांचा हा हट्ट त्याला दुकानानं जास्त चढवला. दिवसभर समोर माणसं येतात ती आपल्या नावाचे चार तुकडे चार कागदांवर घेऊन. एका कागदावर कैलास, दुसऱ्यावर कैलाश, तिसऱ्यावर नुसता कलास. ज्ञानोबाचा 'ज्ञ' एका कागदावर इंग्रजीत 'डी-एन-वाय', दुसऱ्यावर 'जी-वाय'. कुणी कधी चुकवलं ते सापडत नाही. दुरुस्तीचा कागद घेऊन माणूस या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि आपणच आपण आहोत हे सिद्ध करत बसतो. मामा हे रोज बघतो आणि रात्री शटर अर्धं ओढून आपल्या गेममध्ये जातो, जिथं निदान एका पडद्यावर तरी माणसाचं नाव बरोबर उमटलं पाहिजे असा त्याचा कायदा आहे.

कायदा केला, पण पहिल्याच साक्षीदारानं तो मोडला. साक्षीदार म्हणजे शेजारचे ज्ञानोबा आबा. मामानं मोठ्या हौसेनं त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात गेमपॅड दिला आणि पडद्यावर त्यांचं नाव टाकून दाखवलं. पडद्यावर उमटलं: 'ज् ञानोबा'.

आबांनी चष्मा सारखा केला. "हे पाय मोडून महे दोन तुकडे कामून केलास रे?"

मामाचा चेहरा उतरला. झालं होतं ते असं. गेम बनवायचं तयार इंजिन अक्षरं एकामागं एक नुसती ठेवून देत होतं. इंग्रजीत तेवढ्यानं भागतं. आपल्याकडं अक्षरांनी एकमेकांत मिसळावं लागतं: ज चा पाय मोडून ञ ला भेटला की दोघांचा चेहरामोहरा बदलून 'ज्ञ' होतो, विठ्ठलाची वेलांटी टाइप होते 'व'च्या नंतर, पण दिसायला हवी आधी. हे जुळवून द्यायला वेगळी यंत्रणा लागते. मामानं शोधून काढली. तिचं नाव 'हार्फबझ'. मूळ इराणचे बेहदाद एस्फाहबोद यांनी वाढवलेली आणि फुकट मिळणारी. नाव फारसी आहे, 'हर्फ' आणि 'बाझ', म्हणजे खुली अक्षरं.

हे ऐकून आबा खुलले. आबांची पहिली-दुसरी निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, आबा मराठीत आले, पण हर्फ डोक्यात राहिले. "खुली कशाची?" आबा म्हणाले. "पतंगबाज, कबुतरबाज, तसा हर्फबाज. अक्षरांचा शौकीन. म्हंजे तूच की रं!"

मामानं आबांचा अर्थ लगेच मान्य केला. फारसी त्याला येत नाही, पण स्तुती येते.

अक्षरं जुळली तर दुसरा पेच. नावासाठी जागा आठ. हा आकडा त्यानं त्या जुन्या तलवारवाल्या पोराच्या आठवणीनं ठेवला होता. 'ज्ञानोबा' आठात बरोबर बसतो: ज, हलंत, ञ, काना, न, ओकार, ब, काना. आबा बोटं मोजून म्हणाले, "आठ कुठलं? ज्ञा, नो, बा. तीन." कम्प्युटर म्हणतो आठ, ज्ञानोबा म्हणतात तीन, आणि ज्याचं नाव त्याचं खरं मानायचं हा मामाचा धर्म. त्यानं मोजणीच बदलून टाकली: जागा सुट्या चिन्हांच्या नाहीत, उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांच्या. त्यात तीन महिने गेले. पण आबांच्या मंडळींची, द्रौपदीकाकूंची, सोय झाली. त्यांचं 'द्रौपदीबाई' सुट्या हिशेबानं दहा चिन्हांचं, म्हणजे आठात 'द्रौपदीब'पर्यंतच येत होतं. आता पाच जागांत आख्ख्या काकू.

मग पुसायचं बटन आलं. चुकलं तर एका दाबात काय पुसायचं, 'द्रौ'वरची नुसती मात्रा की सबंध 'द्रौ'? मामानं हा प्रश्न थेट पारावर मांडला. गवंडी म्हणाला, "भिंत पाडायची तर शेवटची वीट आधी." द्रौपदीकाकू जाता जाता म्हणाल्या, "भाकर करपली तर करपलेलं तेवढंच कोण खरवडत बसतंय? आख्खी उचलायची." मामानं दोघांचंही ऐकलं. बटन हलकं दाबलं तर वीट, दाबून धरलं तर भाकर. प्रोग्रॅममध्येही त्या दोन्ही क्रियांची नावं त्यानं 'वीट' आणि 'भाकर' अशीच ठेवली आहेत.

त्याचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला आला की मामाला शहाणं करायचा प्रयत्न करतो. "मामा, यंत्रात कीबोर्ड आयताच असतो. त्याला हाक मार, तो वर येतो, माणूस टाइप करतो, खाली जातो. दोन ओळींचं काम!"

"फोनवर येतंय," मामा म्हणतो. "टीव्हीवर तुहा आयता कीबोर्ड अर्धा पडदा खातोय. महे बैल त्याच्याखाली गाडायचे का? आन् त्यात 'ळ' कुठंय सांग."

भाचा शोधतो. त्या टीव्हीच्या आयत्या पाटीत 'ळ' एकदाचा 'ल'च्या पोटात, बटन दाबून धरल्यावर सापडतो.

"हळद लिव्हायची तर 'ल' दाबून वाट बघायची?" मामा विचारतो. "ज्या कीबोर्डावर हळद सरळ लिव्हता येत न्हाई, त्यो हट्ट्यात काय कामाचा?"

भाचा पुण्याला परत जातो.

पण खरा घोळ घातला तो बाराखडीनं. रांगांच्या पाटीवर 'ज्ञानोबा' लिहायला बाणाचं बटन किती दाबावं लागतं ते मामानं मोजलं. तेव्हापासून त्याला मोजायची सवयच लागली. कुणी मोबाइल लावत असला तरी हा शेजारी उभा राहून दाब मोजतो. आकडा त्याला सहन झाला नाही. मग त्यानं जगभरचे उपाय धुंडाळले. २००३ च्या एका फ्रेंच गेममध्ये अक्षरांची गोगलगाईसारखी वळत जाणारी माळ होती. २०१२ साली 'स्टीम'वाल्यांनी आठ पाकळ्यांचं फूल काढलं: दांडी ढकलून पाकळी निवडायची, चार बटनांपैकी एकानं अक्षर. आणि २०१३ साली मुंबईच्या आयआयटीनं फोनसाठी 'स्वरचक्र' आणलं: व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती मात्रांचं कडं फुलतं. हे बघून मामा दोन दिवस गप्प होता. मामी घाबरली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "त्यांनी बोटासाठी केलंय. म्या दांडीसाठी करतो."

आणि त्याला साक्षात्कार झाला: बाराखडी बारा, घड्याळही बारा. गेमपॅडची दांडी म्हणजे काटा. वर ढकलली की क, एकच्या दिशेनं का, दोनच्या कि, असं करत अकराला कः. अंगवळणी पडावं म्हणून त्यानं दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे काढून तिथं बाराखडी चिकटवली. त्यानंतरचे काही महिने गावाला जड गेले. "सर, कै वाजता या," असा निरोप मला येई, म्हणजे सात. एसटी की वाजता होती, ती साडेकीला आली. दुपारचं जेवण मामी 'का' वाजता वाढी आणि म्हणे, "का ते तुमालाच ठावं."

चक्र नामी होतं, पण अंगठ्याला बारा दिशा नेमक्या सापडत नाहीत. सातकडं ढकलावं तर दांडी सहावर घसरते. कै चं के होतं. गावात तीन-चार कैलास. सगळ्यांचेच केलास झाले. मामानं मान तुकवली आणि बाराच्या आठ दिशा केल्या, चार स्वर वरच्या खांद्याच्या बटनाआड ठेवले. त्यात विसर्ग ठेवायचा की काढायचा यावर तो आठवडाभर माझ्याशी वाद घालत होता.

"सर, हट्ट्यात विसर्ग कोण दाबतंय?"

"दुःखात लागतो, मामा."

"मग गेममधी दुःख लिव्हायलाच पाहिजे का?"

मी गप्प बसलो. विसर्ग राहिला.

एवढं सगळं झाल्यावर गेल्या पोळ्याला मामानं टीव्ही ओट्यावर आणला. संध्याकाळी बैल ओवाळून झाले होते, पुरणाच्या जेवणानं गाव जडावलं होतं. पोरं खाली बसली, म्हातारी माणसं वर. पडदा उजळला: 'नाव टाका'.

पहिली हरकत आबांचीच. "टाका? नाव टाकायला काय केर हाय? लिव्हा म्हण. नायतर बायको टाकल्यासारखं वाटतंय."

मामानं वहीत नोंद केली. त्याची ती वही मी पाहिली आहे. तिच्यात बैलांबद्दल एकही ओळ नाही.

पोरांनी आपापली नावं टाकली. कुणी मित्राच्या नावापुढं शिवी टाकली, तीही जोडाक्षरासकट शुद्ध उमटली आणि मामाचा ऊर भरून आला. मग त्याची नजर द्रौपदीकाकूंकडं गेली. काकू पक्क्या अंगठाबहाद्दर. बँकेत, रेशनवर, खताच्या दुकानात, सगळीकडं अंगठा. साक्षरतेच्या वर्गाला त्या काळी दोन महिने गेल्या होत्या. अक्षर ओळखतात, पण पेन धरला की हात थरथरतो म्हणून लिहीत नाहीत.

"मला कुठं येतंय बाबा," काकू म्हणाल्या.

"काकू, ह्याला पेन लागत न्हाई. अंगठ्यानंच लिव्हायचंय."

काकूंनी गेमपॅड हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. खरोखरच दोन अंगठ्यांखेरीज काही लागत नव्हतं. दांडी ढकलली; 'द' सापडला. पाय मोडला, 'र' जोडला, खांद्याचं बटन मामानं दाखवलं, 'औ' चढला. पडद्यावर 'द्रौ' उभा राहिला तेव्हा पोरंही गप्प होती. पुढं 'बा'च्या जागी 'बे' झालं. काकूंनी बटन दाबून धरलं आणि आख्खी भाकर उचलली. पाच जागा भरल्या. द्रौपदीबाई.

"झालं?" काकूंनी विचारलं.

मामाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानं पुढचं बटन दाबलं. दुसरी ओळ आली: 'बैलजोडीच्या मालकाचं नाव'.

ओटा एकदम हसला. काकूंनी पन्नास-साठ वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. हाक मारायची तर "ऐकलं का", तिऱ्हाईताला सांगायचं तर "घरातली मानसं". लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बायका ओरडल्या, "घ्या काकू, नाव घ्या!" आबा मान वळवून बैलांकडं बघू लागले.

काकूंनी पदर डोक्यावर नीट घेतला. ओठ मिटलेले. अंगठा हलला. ज, पाय मोडला, ञ. मग काना. नो. बा. एक अक्षर तोंडातून न काढता पडद्यावर नाव उमटलं, तीन जागांत, अखंड.

आबांनी चोरून पाहिलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "तुकडे न्हाईत."

"घेतलं न्हाई बरं का," काकूंनी बायकांना बजावलं. "टाकलंय."

त्यावर आबांनी आपली मघाची हरकत मागं घेतली.

पोरांना यातलं काही कळलं नाही. एकानं विचारलं, "मामा, आता बैल पळणार ना?"

मामा वहीत काहीतरी लिहीत होता. मी वाकून पाहिलं. 'नाव टाका' खोडून त्यानं 'नाव घ्या' केलं होतं, मग तेही खोडून दोन्ही ठेवले होते, मधे एक बटन. खाली लिहिलं होतं: 'उखाण्यासाठी जागा किती? दोन ओळी. यमक जुळलं का ते तपासणे.'

"बैल ना?" मामा मान वर न करता म्हणाला. "पुढच्या पोळ्याला."